बाबांची माती आणि माझं मत

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवते. पाड्यावर प्रभू येशूला मानणारी आमची पंधरा-सोळा घरं आहेत. बाकीचे गावदेवाला, वाघदेवाला मानतात. जात सगळ्यांची एकच, सोयरीकही आपसातच. भात लावायला आम्ही एकमेकांच्या शेतात जातो, लग्नात एकत्र नाचतो. वेगळे होतो ते फक्त रविवारी आणि मरणात. रविवारचं कोणाला फारसं खुपत नाही. मरणाचं खुपतं.

पाड्यावर पहिला बाप्तिस्मा घेतला माझ्या बाबांनी. आयुष्यभर ते बोर्डीकडच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जात. दारूने त्यांना पार खाल्लं होतं. प्रार्थनेला बसायला लागले आणि दारू सुटली. त्यानंतर त्यांचा विश्वास कोणी हलवू शकलं नाही.

माझ्या बहिणीचं पहिलं बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा अडवलं. नदीकाठी गावाची माती देण्याची जागा आहे. तिथे माणसं जमली आणि म्हणाली, "तुमचा क्रूस आमच्या जागेत नको." बहिणीचा नवरा फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उन्हात उभा होता. तेवढ्यात आमच्या वॉर्डाची मेंबर डोक्यावर गवताचा भारा घेऊन वाटेने आली. ती आमच्यातली नव्हे. कपाळाला ठसठशीत कुंकू, घरात देवाचा चौरंग. पण तिने भारा खाली टाकला आणि लोकांना म्हणाली, "याचं नावसुद्धा ठेवलेलं नाही अजून. याला धर्म कुठून आला?" माणसं बाजूला सरली. खड्डा भरून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढे सरपंचपदाची निवडणूक लागली तेव्हा ती उभी राहिली. अंगणवाडीत येऊन माझ्यापाशी बसली. मुलांना खिचडी वाढायला हातभार लावला आणि मग म्हणाली, "बाय, तुमच्या घरांची मतं मिळाली तर मी येते निवडून."

मी तिचा हात धरला. "काकू, माझं मत तुमचंच."

आठवड्याने आमच्या मंडळीतल्या एकाने अर्ज भरला. उंबरगावच्या कंपनीत नोकरी, गळा गोड, रविवारी ढोलकी तोच वाजवायचा. प्रार्थना घेणाऱ्या आमच्या पाळकांना फार आनंद झाला. ते म्हणाले, "आपण मूठभर. पंचायतीत आपला माणूस नसेल तर आपलं कोण बघणार?" त्यांचं बोलणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. तरी घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, "बाळाच्या वेळी काकू उभी राहिली होती. हा तेव्हा कंपनीत होता म्हणून आला नाही."

"ती चांगली बाई आहे," बाबा म्हणाले. "पण ती प्रभूची नाही."

"बाबा, मी तिला शब्द दिलाय."

"आणि प्रभूला दिलेला?"

मतदानाआधीच्या रविवारी पाळकांनी विचारलं, "विश्वासी माणसालाच मत देणार ना?" सगळ्यांनी हात वर केले. बाबा माझ्याकडे बघत होते. मीही हात वर केला. बटण दाबतानाही बाबांचेच डोळे समोर होते. काकू थोडक्या मतांनी पडली. आमची घरं तिच्याकडे वळली असती तर ती आली असती, हे पाड्यावरच्या लहान मुलालाही कळत होतं. निकालानंतर ती मला पाणवठ्यावर भेटली. मी मान खाली घातली. तिने हंडा भरला आणि गेली.

पुढच्या मे महिन्यात बाबा गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. दुपारपर्यंत माती द्यायला हवी होती, तसलं ऊन होतं. पण नदीकाठी माणसं आधीच येऊन बसली होती.

मी सरपंचाच्या घरी धावले. तो आमचाच, बाबांनी ज्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती तो. दारातच उभा राहिला, मला आत बोलावलं नाही.

"ताई, मला येता येणार नाही."

"तुला निवडून कशाला दिलं मग?"

त्याचे डोळे भरून आले. खोटं रडत नव्हता तो. म्हणाला, "मी एक शब्द बोललो तर म्हणतील, बघा, आपल्या धर्माची बाजू घेतो. आधीच माझ्यावर डोळा आहे. पाण्याच्या टाकीचं कामसुद्धा मी आपल्या पाड्यावर आधी घेऊ शकलो नाही. दुसरं कोणी बोललं असतं तर चाललं असतं. मी नाही बोलू शकत."

मी तिथेच ओट्यावर बसले. आपला माणूस म्हणून त्याला बसवला, आणि आपला होता म्हणूनच त्याचं तोंड बंद झालं होतं.

मग मी काकूकडे गेले. कोणत्या तोंडाने गेले, देव जाणे. ती कुडाला शेण लिंपत होती. मी नुसतं "बाबा" म्हटलं. तिने हात धुतले आणि निघाली.

नदीकाठी तिने तोंड उघडताच एक म्हातारा म्हणाला, "तू आता कोण? मेंबर नाहीस, सरपंच नाहीस. ज्यांनी तुला पाडलं त्यांच्यासाठी भांडायला आलीस?"

लोक हसले. काकूने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर मला सोसली असती. तरी तिने लोकांपुढे हात जोडले. कोणी ऐकलं नाही. शेवटी पोलीस पाटील म्हणाले, "आज वाद नको. दुसरीकडे सोय बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठे? पाळक फोनवर फोन लावत होते. डहाणूकडच्या एका जुन्या चर्चचे म्हातारे फादर त्यांच्या दफनभूमीत जागा द्यायला तयार झाले. त्यांचा पंथ वेगळा, आमची ओळखही नव्हती. टेम्पोत बर्फाच्या लाद्यांवर बाबांना ठेवलं. आई शेजारी बसली, हात बाबांच्या छातीवर. बर्फाचं पाणी तिच्या लुगड्यात मुरत होतं. ज्या वाड्यांमध्ये बाबांनी जन्म काढला त्या दोन्ही बाजूंनी मागे जात होत्या. आई एकदाच बोलली, "एवढ्या लांब ते कधी एकटे राहिले नाहीत."

महिन्याभराने मी काकूला सांगितलं, "मी तुम्हाला मत दिलं नव्हतं."

"माहीत आहे."

"माफ करा, काकू."

"केलं असतं गं," ती म्हणाली. "पण माफ केलं तरी माझ्या हातात आता काय आहे? उद्या तुमच्यात पुन्हा कोणी गेलं तर मी नुसती येऊन उभी राहीन. तेवढंच."

आता जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली आहे. परवाच्या रविवारी एक उमेदवार आमच्या प्रार्थनासभेला आला. त्याने बायबल हातात धरलं, प्रभूने आपल्याला कसं वाचवलं याची साक्ष दिली, रडलाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि विचारलं, "दादा, आमच्यातलं कोणी मेलं तर माती कुठे द्यायची?"

तो थोडा गडबडला. म्हणाला, "ताई, त्यावर आपण सगळे मिळून प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. मला त्याचा राग आला नाही. त्याला देव ठाऊक असेलही. पण गावच्या वीस माणसांसमोर तो आमच्यासाठी उभा राहील की नाही, हे त्याच्या साक्षीवरून मला कळेना. प्रभूला न मानणाराही तिथे टिकेल, याची तरी खात्री कुठे आहे? मत कोणाला द्यायचं ते मला खरोखर ठाऊक नाही.

आईला हल्ली चार पावलं चालली तरी दम लागतो. पावसात आमच्या पाड्यापर्यंत टेम्पो येत नाही. रोज सकाळी मी अंगणवाडीला निघताना ती मला विचारते, "मी गेले की मला कुठे नेशील?" मी चप्पल घालते आणि उशीर झाला म्हणून निघून जाते.