शिवशरणअण्णांचा कोरा गडी

कोल्हापुरात एकटं राहणं अवघड. दाराबाहेर पाय टाकला की चौघं विचारतात, "कुठं निघालासा?" राजारामपुरीतल्या आमच्या शिवशरणअण्णांनी मात्र ही विद्या साधली आहे. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाले, त्यात बायको गेली, आणि त्यांनी घरच्या संगणकावर एका छोट्या भाषा-मॉडेलला पायरीपायरीनं विचार करून गणितं सोडवायला शिकवायचं मनावर घेतलं. तेव्हापासून त्यांच्याशी काय बोलावं हेच गल्लीला कळेना.

मी शेजारधर्म म्हणून एकदा विचारलं, "अण्णा, मोठी, शिकलेली मॉडेलं मिळत्यात की. हे अडाणी कशाला?"

"तयार पैलवान तालमीत आणला आन् त्यानं कुस्ती मारली, तर नाव कुठल्या वस्तादाचं? मला गडी कोरा पायजे. नुसता मजकूर वाचून वाढलेला. आन् बारका, म्हंजे माझ्या मशीनवर मावतोय. मग जे आलं ते माझ्याकडनं आलं, एवढं तरी सांगता येतंय."

कोरा गडी फक्त लिहिलेलं पुढं वाढवायचा. 'हिराबाईच्या तीन म्हशी रोज प्रत्येकी सहा लिटर दूध देतात, तर आठवड्याचं किती?' असं विचारलं की तो लिहायचा, 'चिमणाबाईच्या पाच म्हशी...' प्रश्नाला प्रश्न! पक्का कोल्हापूरकर. अण्णांनी बरोबर उत्तराला गुण आणि चुकीला भोपळा देत त्याला वर्षभर रगडला. शंभरातली जेमतेम चार सोडवणारा साठ सोडवू लागला.

मग बेंगळुरूच्या एका संशोधक गटानं अण्णांना रविवारी ऑनलाइन बोलायला बोलावलं. काम पटलं तर गटात घेणार, दर आठवड्याला बैठक. अण्णांनी मला ओढत गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेलं आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं. "आठवड्यातनं एकदा कोणतरी ह्या विषयावर माझ्याशी भांडणार, बघा!"

शनिवारी गेलो तर अण्णा कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा मोजत होते.

"काय झालं?"

"सहज बघावं म्हणून कोऱ्या गड्याच्या न शिकवलेल्या मूळ प्रतीला आधी दोन सोडवलेली गणितं दाखवली, आन् खाली तिसरं घातलं. अशी शंभर घातली. छप्पन्न सोडवली की त्यानं."

"मग चांगलंच की!"

"कशाचं चांगलं? त्याला आधीच येत हुतं. विचारल्यावर उत्तर द्यायचं, एवढी रीतच मी शिकवली. वर्षभर."

"बेंगळुरूला कशाला सांगतासा? तुमचं साठ हायच की."

"आन् मग दर आठवड्याला माझ्याशी कशावर बोलतील? खोट्यावर?"

रविवारी मी शेजारीच बसलो होतो. अण्णांनी बोलायला सुरुवातच त्या छप्पन्नापासून केली. पलीकडच्या बाई फार सभ्य होत्या. "छान. पुढचं कळवू," म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

"कळवतील," ते म्हणाले.

"व्हय की," मी म्हणालो.

त्याला आता तीन महिने झाले. काहीही कळवलेलं नाही. परवा डोकावलो तर मशीन घरघरत होतं. शिकवायचं सोडून अण्णा आता कोऱ्या गड्याला मुळात काय काय येतं, ते तपासत बसलेत. मला बघून त्यांनी घाईघाईनं दुसरी खुर्ची पुसली.

"लई गंमत सापडलीया. बसा, सांगतो."

"अण्णा, मला त्यातलं काय कळत न्हाय."

"व्हय, ते हायच," अण्णा म्हणाले. "बसा तरी."