मुहूर्ताच्या खड्ड्यातले बोल्ट

"आक्का, खाली घिऊ का असाच धरून ठिवू?" क्रेनवाला परत परत विचारत होता. पहिलाच कॉलम हवेत लोंबकळत होता आणि बोल्टांवर काही केल्या बसत नव्हता.

रहिमतपूरजवळ सुभेदारांच्या गोठ्याचं काम होतं. सुभेदार म्हणजे फौजेतून रिटायर होऊन गाई-म्हशींच्या मागं लागलेला माणूस. माझं मिरजेला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. शिकले काही नाही, वेल्डिंग करता करता धंदा अंगावर आला. आता गुडघे बोलतात, तरी तो काही सुटत नाही.

लोखंडी कॉलम काँक्रीटवर नुसता ठेवत नाहीत बरं का. पायात आधीच चार अँकर बोल्ट पुरलेले असतात, टोकं वर. कॉलमच्या बुडाला भोकांची बेस प्लेट. ती बोल्टांत घालायची आणि नट आवळायचे. काँक्रीट ओतताना बोल्ट हलू नयेत म्हणून वरून एक भोकांचा पत्रा धरतो, तो टेम्प्लेट.

मी टेप लावला. बोल्टांतलं अंतर अगदी बरोबर. फक्त बोल्टांच्या चौकटीची लांब बाजू वाऱ्याचा जोर घ्यायला उत्तर-दक्षिण हवी होती, ती पूर्व-पश्चिम झालेली. बाकी सगळे पाये ठीक, हा एकच आडवा.

"ह्याच खड्ड्याला कसं झालं?"

गवंडी जमिनीकडं बघायला लागला. सुभेदार म्हणाले, "काय सांगू आक्का. मुहूर्ताची पूजा ह्याच खड्ड्याची. हळदीकुंकू लावाय टेम्प्लेट बोल्टासकट वर काडलं. परत ठिवताना म्हनलं, देवाचं काम हाय, तोंड पूर्वेला आसू दे."

पाया चौरस. त्यामुळं टेम्प्लेट कसंही फिरवलं तरी बसतं, कुणाला कळतसुद्धा नाही.

गवंडी म्हणाला, "गॅसनं लाल करू आन वाकवू. लगीच बसतंय."

तापवून वाकवलेल्या बोल्टात पूर्वीचा जोर राहतोच असं नाही. मी काही म्हणायच्या आत सुभेदारांच्या मंडळी पुढं आल्या. "वाकवायचं न्हाई. मागल्या वळवात जुनी शेड बोल्टासकट उपटली. माजी म्हस दबून मेली तिच्याखाली."

"मग पाया फोडून नव्यानं करू, वहिनी."

"फोडायचाबी न्हाई. माज्या हातनं पूजा झालीया त्याची."

"वाकवायचं नाही, फोडायचं नाही. मग कॉलम काय कासऱ्यानं बांधू?"

सुभेदार हसले. वहिनी हसल्या नाहीत.

क्रेन परत पाठवली. सावलीत बसून सांगलीला डिझाइनवाल्या सरांना फोन लावला. त्यांनी बरंच ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "केमिकल अँकर करा. पण बोल्ट ओढून बघितल्याशिवाय कॉलम उभा करायचा नाही."

म्हणजे असं, की चुकीचे बोल्ट काँक्रीटलगत कापायचे, योग्य जागी ड्रिलनं खोल भोकं पाडायची, त्यात केमिकल भरून नवे बोल्ट बसवायचे. ते सुकलं की दगडासारखं धरतं. यात खरं काम भोकातली धूळ काढायचं. धूळ राहिली तर केमिकल धुळीलाच चिकटतं. ब्रश, हवा, परत ब्रश. माझी पाठ गेली. त्यात एक भोक आतल्या सळीला लागलं. परत सरांना फोन. त्यांनी ते जरा बाजूला घ्यायला सांगितलं, म्हणजे बेस प्लेटही नवी आली. परत मिरज, परत रहिमतपूर.

मग जॅक लावून एकेक बोल्ट वर ओढला. वहिनी पदर खोचून शेजारीच उभ्या.

"आजून वढा."

"सरांनी एवढंच सांगितलंय."

"वारं काय सरास्नी इचारून येतंय व्हय?"

मी परत सरांना फोन लावला, त्यांनी मर्यादा सांगितली, तिथवर ओढला. बोल्ट हलला नाही. बाकीचे तिन्हीही तसेच. वहिनींनी प्रत्येक बोल्ट स्वतःच्या हातानं हलवून बघितला, मग म्हणाल्या, "आता उभा करा."

वळीव येऊन गेल्यावर सुभेदारांना फोन केला. म्हणाले, "समदं जागेव हाय आक्का. थांबा, धारा काडाय बसलोय."

तेव्हापासून पूजा उरकल्याशिवाय मी टेम्प्लेट साइटवर नेतच नाही. लोकांना वाटतं, बाई लय देवभोळी. वाटू दे.