बजरंग मार्गी लागला

हल्ली दुकानात येणारं गिऱ्हाईक माझ्या पाठीवर हात ठेवून एक वाक्य बोलून जातं. "पंडितभाऊ, लय पुण्याचं काम केलं तुमी. बजरंग मार्गी लागला." मी नुसतं हूं म्हणतो. पुढं बोललो तर तोंडातून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

सोनपेठच्या बाजारात माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. सकाळी आठला शटर वर जातं आणि मधे मी टेकत नाही. माझी बायको म्हणते, तुम्ही जेवताना पण घाईत असता, जसं काही कुणी ताट ओढून नेणार आहे. तिचं खरं आहे. माणूस कामाला आला पाहिजे, एवढं एकच मी आयुष्यात मानत आलो, आणि जो घरी बसला त्याला येता-जाता टोचत आलो. सगळ्यात जास्त टोचलं ते बजरंगला.

बजरंग माझ्या आत्याचा, बायनाबाईचा, धाकटा मुलगा. थोरला हरिओम पुण्याला कंपनीत आहे. बजरंग अभ्यासात हुशार होता, म्हणून परभणीला खोली करून स्पर्धा परीक्षेला बसला. आठ वर्षं बसला. दोनदा निवड अगदी थोडक्यात हुकली. मग एका उन्हाळ्यात आत्याला लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून बजरंग गावी आला तो सहा वर्षं राहिला. आत्याचा नवरा कधीच वारला होता, आणि हरिओमला सुट्टी मिळत नव्हती.

सहा वर्षं त्यानं आईचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, उगाच खुलासा करत बसत नाही. शेजारच्या कासाबाईकडून वेणी घालायला शिकला. भाकरी दुधात कुस्करून, हातानं मऊ करून, घास घास भरवायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचा. त्या सहा वर्षांत आत्याच्या अंगावर एक जखम झाली नाही. डॉक्टरनं हे मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला.

गावात कुणी त्याला विचारायचं, "काय बजरंग, सध्या काय चालू हाय?" तो म्हणायचा, "आईजवळ हाय." विचारणारा थांबून राहायचा, वाक्य अजून पुरं व्हायचंय अशा थाटात. बजरंगचं वाक्य तेवढंच असायचं.

मी राणीसावरगावहून एक स्थळ आणलं होतं. मुलीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो? मी तोंड उघडायच्या आत बजरंग म्हणाला, "आईचं करतो." बापाला वाटलं चेष्टा आहे. तो हसला, मग कुणीच हसत नाही म्हटल्यावर चहा संपवून उठला. मी बजरंगवर फाडफाड बोललो. "शेती बघतो म्हणायला काय जात होतं तुझं?"

"शेती बटईनं दिलीय की दादा. मी कुठं बघायलोय?"



एकदा दुपारी त्यांच्याकडे गेलो तर हा पठ्ठ्या आत्याच्या बाजेजवळ उकिडवा बसून प्रश्न विचारत होता. हातात जुनं परीक्षेचं पुस्तक. "जगातली सगळ्यात लांब नदी कोणती? एक, ॲमेझॉन. दोन, नाईल. तीन, गंगा. चार, मिसिसिपी." आत्यानं डाव्या हाताची तीन बोटं वर केली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि आत्यानं तीच एक नदी पाहिलेली. बजरंग म्हणाला, "चूक. काल सांगितलं व्हतं की." आत्या अर्ध्या तोंडानं हसली आणि पुन्हा तीनच बोटं नाचवली. "बरं बाई, गंगा. घे एक मार्क."

मी दारातूनच म्हणालो, "आठ वर्षांच्या अभ्यासाचं हेच पीक व्हय रे?"

तो ओशाळला नाही. म्हणाला, "दादा, आईची ही पयलीच शाळा हाय."

आत्या माझ्याकडे बघून हसत होती, केस विंचरलेले, कपाळाला कुंकवाऐवजी बुक्का, अंगावर धुतलेलं लुगडं. खरं सांगतो, त्या घरात दोघं सुखात होती आणि मला त्याचाच राग आला. मी घामाघूम होऊन गावोगाव खताच्या गोण्या पोचवतोय आणि हे दोघं दुपारच्याला नद्यांची नावं घेत हसतायत. चहा न घेता निघालो.

पण बजरंगच्या मनातही एक खुटखुट होतीच. शेवटच्या वर्षी मला फाट्यापर्यंत सोडायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "दादा, आईला बोलता आलं असतं, तर ती काय म्हणली असती?"

"नोकरीला लाग म्हणली असती. दुसरं काय म्हणणार?"

त्याचा चेहरा पडला. "तसंच वाटतं का तुमाला? मला वाटतं ती राजी हाय. पण तिला तोंड न्हाई, मी आपलं माझ्या मनानंच धरून चाललोय." मी गाडीला किक मारली. आता आठवतं, त्या माणसानं सहा वर्षांत माझ्याकडे फक्त तेवढंच मागितलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी आत्या गेली. झोपेत गेली, बजरंगच्या हाताचं पाणी पिऊन. तिसऱ्या दिवसापासून लोक त्याला म्हणायला लागले, "सुटला बाबा आता. मोकळा झालास."

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. पेरणी तोंडावर आलेली, दुकानात बियाण्याला रांग, आणि मी घाटावर घड्याळ बघत उभा. आईचं धाकट्यानं करायचं म्हणून बजरंग पुढं होता, डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. पिंड ठेवला. सोबत आत्याला आवडायचं म्हणून भाकरी, वांग्याची भाजी, जिलबीचं वेटोळं. सगळे मागं सरलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले. एकही खाली येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

"जीव अडकलाय कशात तरी," भावकीतले थोरले किशनराव म्हणाले. कशात, ते विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. सगळ्यांनी बजरंगकडे बघितलं.

हरिओम पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आई, मी बजरंगला पुण्याला नेतो. कंपनीत लावतो. तू काळजी करू नको." कावळे बाभळीवरच.

किशनराव म्हणाले, "बायनाबाई, पोराचं लगीन माझ्याकडं लागलं. चांगली पोरगी बघून देतो." काही नाही.

मग कुणी म्हणालं, बटई मोडून जमीन त्याला कसायला देऊ. कुणी म्हणालं, पिठाची गिरणी टाकून देऊ. बाजारात जनावराची बोली लागते तशी एकेकजण बोली लावत होता, आणि ज्याच्यावर ती लागत होती तो उघड्या अंगानं उन्हात उभा होता, हात जोडून. त्याच्या सहा वर्षांची किंमत त्याच्यासमोर ठरत होती आणि ती शून्य निघत होती. एकालाही सुचलं नाही की म्हणावं, आत्या, पोरानं तुझं लय केलं. मलाही नाही सुचलं.

शेवटी बजरंग स्वतः बोलला. "आई, काय राहिलं गं? माझं काय चुकलं?"

कावळा आला नाही. पाऊण तास झाला होता. गुरुजींनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी उरकतात.

मी सगळ्यांपासून बाजूला, घाटाच्या तुटक्या पायरीशी सावलीला उभा होतो. तिथून पिंडामागचा उतार मला दिसत होता, बाकीच्यांना नाही. आणि मला दिसलं की एक कावळा उतारावर येऊन उतरलाय. भुकेला असणार. मान वाकडी करून, दोन उड्या मारून थांबत, तो सरळ जिलबीकडे निघाला होता. चार-पाच उड्यांत पोचणार होता.

मग मी जे केलं ते का केलं, हे मी महिनोन्‌महिने स्वतःला विचारतोय. घाई होती हे आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. इतक्या लोकांचे शब्द वाया गेले होते, आणि माझा शब्द लागू पडावा असं मला वाटलं. मी घसा साफ करून मोठ्यानं ओरडलो, "आत्या! बजरंगला मी माझ्या दुकानात कामाला लावतो! गंगेच्या साक्षीनं सांगतो!"

कावळा पिंडाच्या पायरीवर चढला आणि जिलबीचा तुकडा घेऊन उडाला.

लोकांनी एकच गलका केला. किशनरावांनी मला मिठी मारली. हरिओम रडायला लागला. "बघा, शब्दासाठीच थांबली व्हती माउली!" आणि बजरंग पिंडाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मग तो हळूच वाळूत बसला. लोकांना वाटलं, मन मोकळं झालं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. सहा वर्षं मनात घेऊन फिरलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं, आणि ते माझ्याच तोंडून, दुसऱ्यांदा.

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. कामाला वाघ. मी यायच्या आधी ओटा झाडून तयार. दुपारी टेकत नाही, चहाला म्हटलं तर नको म्हणतो. पुस्तकं सगळी रद्दीत घातली. आता कुणी विचारलं काय चालू हाय, तर झटक्यात सांगतो, "दुकानात हाय," आणि विचारणारा समाधानानं मान हलवतो. दोन स्थळं सांगून आली. त्यानं दोन्हींना हो म्हटलं, म्हणजे मी जे ठरवीन त्याला हो. अंगानं भरलाय. हसताना मात्र मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सकाळी पुसलेल्या फळ्या तो पुन्हा पुसत होता. मला राहवलं नाही. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. कावळा आधीच आलेला, मला दिसलेला, मी नंतर ओरडलो. सांगताना माझे डोळे भरून आले.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, तुमी माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलायलाव."

"अरे, शपथ घेतो!"

"नका घेऊ. समद्या भावकीनं बघितलंय." फडक्याची घडी घालत तो म्हणाला, "दादा, तिला तहान लागली, कूस दुखायली, तिच्या नुसत्या डोळ्यावरून कळायचं मला. आन् जिवात अडकलेली एवढी एक गोष्ट कळली न्हाई. मग मी सहा वर्षं काय केलं?"

तेवढ्यात ओट्यावर कुणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला. कीटकनाशकाची बाटली दाखवत, किती पाण्यात किती टाकायचं ते नीट समजावून सांगायला लागला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. आत्या, पोरानं तुझं लय केलं, एवढंच ते; घाटावर, सगळ्यांसमोर, तेच मोठ्यानं सांगायचं होतं. कावळा तसाही येतच होता.