आवाजात थोडी खरखर

लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणाऱ्याच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात: लोकांनी परत न नेलेल्या कॅसेट आणि किस्से. कॅसेटवर निदान दुसरं लग्न टेप करता येतं, किश्शांचं काय करणार? म्हणून सांगून टाकतो.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं असतील. गोंदियात माझं दुकान, कॉम्प्युटर नवा आणि मीही नवाच. निवेदनाला केशोरीचा सुधाकर रामटेके. आवाज असा भारदस्त की गिऱ्हाईक उठून उभं राहायचं! पण या माणसाने रेडिओची आवाज चाचणी तीनदा दिली आणि तिन्ही वेळा नापास झाला. इकडे त्याच्या बाबांनी, पोरगा रेडिओत लागला, असं गावभर सांगून ठेवलेलं. रोज सकाळी ते रेडिओ-कॅसेटचा सेट लावून पोराच्या आवाजाची वाट पाहायचे. सुधाकर दर खेपेला 'पुढच्या महिन्यात' असं सांगून यायचा आणि दुकानात तोंड पाडून बसायचा.

*

बिरसीच्या एका नवरदेवाला आपलं लग्न व्हिडिओत रेडिओच्या बातम्यांसारखं जाहीर करून हवं होतं. आता रेडिओचा आवाज आणायचा कुठून? सुधाकरला पाण्याच्या स्टीलच्या गुंडात, म्हणजे घागरीत, तोंड घालून बोलायला लावलं, तर तो विहिरीत पडल्यासारखा वाटायला लागला. दोन दिवस असेच गेले. शेवटी कॉम्प्युटरवर त्याच्या आवाजाचा खालचा घुमारा छाटला, वरची धार छाटली, नुसता मधला आवाज ठेवला आणि मागे थोडी खरखर सोडली.

ऐकून सुधाकरने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हा मी नाई," तो म्हणाला. "हा तर रेडिओवाला हाय."

*

व्हिडिओ गेला आणि चौथ्या दिवशी नवरीचे मामा दुकानात हजर, तेही तणतणत. मला वाटलं, त्यांच्या जेवणाच्या पंगतीचा शॉट कापला गेला. तसं काही नव्हतं. भाचीची बातमी रेडिओवर लागली आणि आम्ही त्यांना आधी कळवलं नाही, हा त्यांचा राग!

"आमच्या गावात कोनीच नाई आयकली," मामा म्हणाले. "आता पुन्हा कधी लागन?"

मी समजावून पाहिलं. इथेच केलं, या खुर्चीवर बसून केलं, हा समोर बसलाय तोच बोलला. मामांनी सुधाकरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मलाच खोटं ठरवून निघून गेले.

*

दुसरे एक शेठजी, बाजारातले. त्यांना मुलाच्या साखरपुड्याला अस्साच रेडिओ हवा होता. करून दिला. दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन परत! "भैया, इसमें खरखर आ रही है." मुकाट्याने खरखर काढली. संध्याकाळी पुन्हा आले. "अब रेडिओ जैसा नहीं लग रहा." खरखर परत टाकली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाशी वाद घालणं सोडलं.

*

पण खरा हादरा बसला नागझिऱ्याच्या बाजूला. मोहफुलांचे दिवस होते. जंगलात एकटं-दुकटं जाऊ नका, हे सांगायला तिथल्या एका गाईडने आमच्याकडून छोटी फिल्म करून घेतली. मजकूर त्याने स्वतः लिहून आणला. 'नुकत्याच हाती आलेल्या वृत्तानुसार गावाच्या सीमेवर वाघ दिसला आहे', हे सुधाकरने वाचलं, मी खरखर टाकली.

फिल्म दाखवली आणि तीन दिवस गावातलं कुणी मोहफुलं वेचायला गेलं नाही. गुरंसुद्धा गोठ्यात! चौथ्या दिवशी दुकानाचा फोन वाजला. तोच गाईड. आवाज दबलेला.

"भाऊ, खरंच निंगाला काय जी वाघ?"

अरे बाबा, तूच लिहिलास ना तो वाघ!

*

त्यानंतर आठवड्याभराने सुधाकर म्हणाला, बाबांना दम लागतोय, डॉक्टरांनी आशा सोडलीय, एक बातमीपत्र करू. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण त्याच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. कॅसेट केली. 'सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली आहेत. सुधाकर रामटेके बातम्या देत आहेत.' धानाची बातमी, पावसाची बातमी, सगळं रीतसर.

पहाटेच निघालो, पण वाटेत गाडी पंक्चर झाली आणि केशोरीला पोचायला साडेआठ झाले. सुधाकर मागच्या भिंतीआड बसला. मी आत जाऊन बाबांना जयभीम केला, सुधाकर ड्युटीवर आहे असं सांगितलं, सेट नीट करतो म्हणत त्यांच्याकडे पाठ केली आणि कॅसेट लावली.

सात वाजून पाच मिनिटं! वेळेचं आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दारातून अंगणातलं ऊन पाहिलं. बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. मग घड्याळ काढलं, काटे मागे फिरवले, सात-पाचवर आणले आणि सुधाकरच्या आईला म्हणाले, चहा मांड.

चहा तर मघाशीच झाला, साडेआठ होऊन राहिले, असं ती म्हणाली.

"सात वाजले," बाबा म्हणाले. "माहा पोरगा खोटं सांगन काय?"