भिंतीतला टेलिफोन

पौडाला आमच्या दुकानात टेलिफोन आला, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. वर मुळशीकडे धरणाचं काम चालू होतं. त्या कामासाठी पुण्याहून तारेचे खांब आधीच रोवले गेले होते. त्याच रस्त्यावरच्या बाजारगावांनाही तार जोडून द्यायची, असं एका टेलिफोन कंपनीनं मनावर घेतलं. कंपनीचा माणूस दुकानात आला, गादीवर ऐसपैस बसला आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाला, "शेठ, पुण्याच्या पेठेतला भाव तुम्हाला घरबसल्या कळेल. आणि भाडं म्हणाल तर अगदी नावापुरतं."

मामंजी तांदळाचे व्यापारी. कोळवणच्या खोऱ्यातला आंबेमोहोर विकत घ्यायचा आणि भवानी पेठेतल्या अडत्याकडे गाड्या भरून पाठवायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांना नव्या यंत्राचं कौतुक नव्हतं. पण शेजारच्या दुकानदारानं आपल्याआधी टेलिफोन घेतला तर काय, ही धास्ती मात्र होती. म्हणून त्यांनी हो म्हटलं.

शेजारचं दुकान एका मुसलमान व्यापाऱ्याचं होतं. त्यांना सारं गाव चाचा म्हणे. त्यांचाही धंदा तांदळाचाच, जोडीला हिरडा. दोन दुकानांमध्ये एकच मातीची भिंत होती, पण मामंजी आणि चाचा एकमेकांशी बोलत नसत. मी सून होऊन येण्याआधी कधीतरी मामंजींनी ठरवलेला माल चाचांनी चढा भाव देऊन वाटेतूनच उतरवून घेतला होता. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले, की एक जण आभाळाकडे बघे आणि दुसरा पायाकडे. आम्हा बायकांचं तसं नव्हतं. चाची आणि मी मागच्या विहिरीवर रोज भेटायचो. मला चुलीवरची भाकरी नीट फुगवायला चाचींनीच शिकवलं. पुण्याच्या माहेरात आमच्याकडे पोळ्याच असत.

आमच्याकडे टेलिफोन लागल्यावर महिन्याभरात चाचांकडेही लागला.

भिंतीवर लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा, कानाला लावायचं नळकांडं. मामंजी त्याच्याशी बोलायला कचरत. तारेतून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. हे, म्हणजे माझे यजमान, माल बघायला गावोगाव फिरत असायचे. तेव्हा टेलिफोनचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. त्यात माझा थोरला भाऊ त्याच अडत्याकडे हिशेबनीस होता. सकाळी दांडा फिरवायचा, पुण्यात तारा जोडणाऱ्या माणसाकडे अडत्याचं दुकान मागायचं आणि वाट बघायची. मग खरखरीतून दादाचा आवाज यायचा.

"काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई कशी आहे?"

"कालच तुझी आठवण काढत होती. भाव घे लिहून."

त्याच्या मागे हमालांची ओरड आणि टांग्याच्या घंटा ऐकू यायच्या. भाव सांगून व्हायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात माझं माहेर दुकानात येऊन जायचं. मामंजींना ते कळत होतं. भाव मिळाला तरी ते लगेच "ठेव आता" म्हणत नसत. तराजूच्या साखळ्या उगाच सारख्या करत बसत.

पहिल्या पावसाळ्यानंतर कंपनीनं भाडं वाढवलं. मामंजी कुरकुरले आणि त्यांनी भरलं. मग तारांच्या देखभालीचा म्हणून वेगळा आकार आला. तोही भरला. पुढं दर बोलण्यामागे वेगळे पैसे सुरू झाले. शिवाय महिन्यातून निम्मे दिवस तार मुकीच असे. मी एकदा दांडा फिरवून तक्रार केली, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "तक्रार लेखी करा, बाई." लेखी केली. तिचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या दिवाळीच्या तोंडावर पुन्हा वाढीव भाड्याचा कागद आला.

मामंजींनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सूनबाई, उद्या पुण्याला जाऊ. तूही चल. माहेरी जाऊन ये, आणि त्या हपिसात इंग्रजी पाटी कुठली आहे ते मला दाखव."

सकाळच्या सर्व्हिस मोटारीत चढलो, तर चाचा आधीच पुढच्या बाकावर बसलेले. त्यांच्या हातातही तसाच कागद होता. मामंजींनी आभाळाकडे पाहिलं. चाचांनी पायाकडे. पुण्यात उतरल्यावर चाचा एका गल्लीनं गेले, आम्ही दुसरीनं. आणि कंपनीच्या कचेरीच्या दारात पुन्हा तिघंही एकत्र.

आत ही गर्दी होती. एक डॉक्टर होते, एक कापडवाले, लष्कर भागातल्या कुठल्याशा बेकरीचे मालक होते. सगळ्यांच्या हातात तेच कागद. मेजामागे बसलेला कारकून तरुण होता, सभ्य होता, आणि प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होता, "दर वरून ठरतात. परवडत नसेल त्यांनी यंत्र परत करावं."

मामंजींची पाळी आली. त्यांनी शांतपणे विचारलं, "लावताना तुमचा माणूस नावापुरतं भाडं म्हणाला होता. त्याचं काय झालं?"

"तो आता कंपनीत नाही."

मागून चाचा पुढं सरसावले. "बरं, मग मला एवढंच सांगा साहेब, ह्या गावात दुसरी कुठली टेलिफोनची कंपनी हाय का?"

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं. टिंगल करावी असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "दुसरी असती," तो म्हणाला, "तर तुम्ही इथं आला असता का?"

डॉक्टरांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. मला आठवतं, त्या क्षणी मामंजींचा राग एकदम उतरला. भांडायला समोर कुणी तरी लागतं, तेच तिथं नव्हतं.

दोन दिवस माहेरी राहायचा बेत होता, पण मामंजींचा चेहरा बघून मी आईला नुसती भेटून परत फिरले. संध्याकाळच्या मोटारीत जागा नव्हती. होती ती चाचांच्या शेजारी, एका माणसापुरती. मी बायकांत दाटीवाटीनं बसले आणि मामंजी तिथं बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी चंची सोडली.

"पान घेणार?"

चाचांनी हात पुढं केला. "द्या."

मग पौड येईपर्यंत ते दोघं कंपनीबद्दलच बोलले. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं, पण एकदाही त्या जुन्या सौद्यावर गेलं नाही.

दोघांत एकच टेलिफोन ठेवावा, हे मोटारीतच ठरलं. मात्र परत कुणाचा करायचा, यावर चार दिवस अडलं. मामंजी म्हणत, माझा आधीचा. चाचा म्हणत, माझा नवा, माझ्यात खरखर कमी. शेवटी चाचींनी विहिरीवर मला सांगितलं आणि घरात नवऱ्यालाही सुनावलं, "भित तर दोघांची हाय ना? मग भितीतच ठेवा की."

आमच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा होता. त्याची मागची माती पाडून आरपार खिडकी केली. तिच्यात फळी बसवली, फळीवर पेटी. ज्याला बोलायचं असेल त्यानं ती आपल्याकडे वळवायची. चाचांचं यंत्र परत गेलं आणि वाढलेल्या भाड्याचा भार दोन घरांत वाटला गेला. मला मात्र वेगळाच लाभ झाला. दुपारी दुकानं निवांत असली, की पेटीच्या बाजूनं चाची डोकावायच्या आणि आम्ही विहिरीवरच्या गप्पा तिथंच पुऱ्या करायचो.

दर बोलण्याला पैसे पडत, म्हणून सकाळी एकदाच दादाला विचारायचं. मी या बाजूला, मागे मामंजी; खिडकीपलीकडे चाचा कान देऊन. मी भाव मोठ्यानं म्हणायची, तो दोघंही ऐकायचे. दोघांना एकच भाव कळला, मग दोघं शेतकऱ्याला एकच भाव सांगू लागले. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. पण घडलं ते असं.

ते आम्हाला दाखवून दिलं कोळवणच्या एका बाईनं. मधल्या वयाची, नवरा नसलेली, स्वतःची भातखाचरं स्वतः बघणारी. दरवर्षी ती आधी आमच्याकडे नमुना दाखवी, भाव ऐके, "बघते" म्हणून चाचांकडे जाई, तिथला भाव घेऊन पुन्हा आमच्याकडे येई. अशा दोन-तीन खेपांत तिला दोन पैसे जास्त सुटत. मामंजी वैतागत, पण तिच्या तांदळाला तोड नव्हती.

त्या सुगीत ती आली. मामंजींनी भाव सांगितला. ती शेजारी गेली आणि लगेच परत आली. तिनं खिडकीकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं, पलीकडं बसलेल्या चाचांकडं पाहिलं.

"ह्ये काय हाय?"

"टेलिफोन. दोघांत एक केला," मामंजी म्हणाले. "कंपनी फार पैसे घ्यायला लागली. दुसरी कंपनी नाही, म्हणून मनाला येईल तो दर लावते."

"व्हय का?" ती म्हणाली. "आन् तुमी? हितं न्हाई जमलं तर मी तितं जायाची. आता तुमी भितीला भोक पाडलं. मी कुटं जाऊ? तुमीबी एकच कंपनी झालात की."

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं नमुन्याची पुरचुंडी बांधली, गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलं आणि माल घेऊन थेट पुण्याची वाट धरली.

मामंजींनी दारात जाऊन तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहिली. मग खिडकीतून म्हणाले, "ऐकलंत?"

"ऐकलं," चाचा म्हणाले. "बाई तोंडाची फाटकी हाय."

"फाटकी असेल. खोटी नाही."

त्यावरून दोघांत पुन्हा वाजलं. चाचांचं म्हणणं, आपण काही कट केला नाही. भाव पुण्याचा आहे, आपला नाही. मामंजी म्हणाले, पुण्याचा भाव आपल्याला कळतो, तिला कळत नाही, आणि आपण दोघं मिळून मध्ये किती ठेवतो तेही तिला कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पुतण्याची फुटकी पाटी मागून घेतली आणि मला म्हणाले, "दादानं सांगितलेला भाव हिच्यावर लिही. खाली आपण काय देणार तेही लिही. आणि दाराबाहेर लाव."

चाचांनी आठवडाभर पाटी लावली नाही. मामंजींचं डोकं फिरलंय, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. पण वाचता येणारा एखादा तरी माणूस प्रत्येक गाडीबरोबर असायचाच. गाड्या आमच्या दाराशी थांबायला लागल्या, तशी एका सकाळी चाचांच्या दारावरही पाटी दिसली. तिच्यावरचा भाव आमच्यापेक्षा थोडा चढा होता. मामंजी बाहेर जाऊन तो वाचून आले आणि मला म्हणाले, "पूस आपला. नवा लिही." कित्येक दिवसांत ते इतके खुशीत दिसले नव्हते.

कोळवणची बाई पुढच्या खेपेला आली. तिनं दोन्ही पाट्या शेजारच्या मुलाकडून वाचून घेतल्या, पलीकडं चाचांना माल विकला आणि जाताना आमच्या दुकानात पाणी प्यायला थांबली. मामंजींनी तिला गूळ दिला.

टेलिफोन मात्र फार टिकला नाही. खांब तपासायला आलेल्या कंपनीच्या माणसानं भिंतीतली खिडकी पाहिली आणि वरती कळवलं. मग कागद आला: एक यंत्र दोन दुकानांनी वापरणं नियमात बसत नाही, दोन्ही दुकानांचं पूर्ण भाडं भरा नाहीतर तार तोडू. मामंजी आणि चाचांनी तो कागद फळीवर ठेवून दोन्ही बाजूंनी वाचला. या वेळी पुण्याला जायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

"घेऊन जाऊ द्या," चाचा म्हणाले.

माणसं आली, त्यांनी पेटी काढली, तार गुंडाळली. मला दादाचा निरोप घ्यायचा होता, पण सकाळपासून तार मुकीच होती. ते लोक गेल्यावर मी मागच्या अंगणात तांदळाचं सूप घेऊन बसले. थोड्या वेळानं चाची आल्या आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडू लागल्या.

मग सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर संध्याकाळी भाव आणू लागला. दादा त्याच्याकडे चिठ्ठी देई. भाव एक दिवस शिळा असे, पण तो सगळ्यांनाच सारखा शिळा असल्यानं कुणाचं फारसं अडलं नाही. चिठ्ठीत दादा आईची खुशालीही लिही. वाचताना मी त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करायची. हळूहळू तो आठवेनासा झाला.

भाऊबिजेला तो स्वतःच आला. ओसरीवर बसला आणि टेलिफोनवर बोलायचा तशाच खड्या आवाजात म्हणाला, "काय गं, बरी आहेस ना?"

पलीकडून चाचींनी घाबरून विचारलं, "अगं, कोण वरडतंय?"

मी हसत सुटले, आणि हसता हसता मला रडू आलं. दादाला काहीच कळेना. मामंजींनी तेवढ्यात आजचा भाव विचारला, तर तो म्हणाला, "आज सण आहे, आज पेठ बंद." मग मी पाट मांडला आणि त्याला ओवाळलं.