पाय दाखव, बेटी

"पाय दाखव, बेटी."

हंगामाचा पहिला दिवस. समुद्रपूरकडच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये पूजा झाली, पेढे वाटले, आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर मालकांनी मला उभं केलं. त्यांना मालक म्हटलेलं चालत नसे. 'भाऊ' म्हणायचं. आम्ही म्हणे सगळे एक कुटुंब.

मी उजवा पाय उचलला. जाड तळव्याचा नवा बूट.

"दुसरा काऊन लपवून राह्यली? कोनं देल्ले, सांग यायले."

"भाऊनं."

पाहुणे हसले. कुणीतरी फोटो काढला. एका पायावर तोल सांभाळत मीही हसले. ते हसू अजून खुपतं.

बाप गेला, कॉलेज सोडून मी रेच्यावर, कापसातली सरकी काढायच्या मशीनवर, आले, म्हणून माझ्यावर दया. बाकीच्या बाया चपलांवर. सरकी सांडलेल्या फरशीवर चप्पल ठरत नाही. शेजारच्या रेच्यावरची मंदाकाकू म्हणायची, "एखाद्या दिवशी मले दे वं तुहे बूट, लग्नाले जाऊन येतो."

एका दुपारी ती सरकीवरून घसरली. सावरायला टाकलेला हात रेच्याच्या फिरत्या रुळात गेला. मी धावत जाऊन मशीन बंद केलं. तोवर बोटं गेली होती.

भाऊंनी दवाखान्याचा खर्च केला. तिच्या पोरीला जवळ घेऊन रडले. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. मग मला ऑफिसात बोलावलं, स्वतः दार लावलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

"उद्या सरकारी साहेब येऊन राह्यले चौकशीले. मंदा कामावर नव्हती. डबा द्याले आलती. तू पायलं. असंच सांगजो."

मी बंद दाराकडे पाहिलं.

"तुह्या भावाले बी लावून घेतो इथं. मी कधी कोनाचं वाईट केलं का, बेटी?"

आवाज मऊ. शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. त्या मऊ आवाजापुढं मी त्यांनी दिलेलं पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेब रेच्याजवळ आले. भाऊंचा हात माझ्या डोक्यावर. साहेबांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. म्हणून खाली पाहिलं.

बूट.

हे तर कामाचे बूट! रेच्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला देणं भागच होतं. एकीला दिले, त्याला दया म्हटलं, पेढे वाटले. बाकीच्या घसरल्या तर घसरल्या.

मी डोक्यावरचा हात बाजूला केला.

"मंदाकाकू कामावर होती, साहेब. चपलेवर होती. बूट मले एकटीलेच भेटलते."

भाऊ हळूच म्हणाले, "हे चांगलं नाई केलं, बेटी."

काम गेलं. आता संध्याकाळी घरासमोर एक गाडी हळू होते, आणि माय दाराला कडी लावते. मला भीती वाटते. रोज वाटते. भीत-भीतच मी जिनिंगांच्या फाटकांशी उभी राहते. मालक चांगला आहे का, हे बायांना विचारत नाही. विचारते, "पायात काय हाय?"

ते बूट मी फेकले नाहीत. कामाचे होते, माझ्या हक्काचे होते. पण पाय दाखव म्हणणाऱ्याला आता एकटीचे दाखवणार नाही. सगळ्यांचे दाखवीन.