आर्गिरोनं खूण केलेली ओळ

याकोवोसनं बेटावरच्या निम्म्याअधिक मेलेल्यांच्या उशाशी कविता कोरली, पण स्वतःला कवितेतलं ओ की ठो कळत नव्हतं. तो संगमरवराचा कारागीर. बेटावरचा कवी जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी त्याची एक ओळ काही केल्या मरेना: 'दार लावू नकोस, समुद्र येईल आपल्या पायांनी.' बुडालेल्या खलाशाच्या आईला ती हवी, खानावळवाल्याला पाटीवर हवी. बंदर विकायला निघालं तेव्हा हमालांनी हीच ओळ फडक्यावर रंगवून मोर्चा काढला. याकोवोस म्हणायचा, "हा कवी आहे की मीठ? ज्याच्या त्याच्या ताटात!"

बायको आर्गिरो जाऊन तीन वर्षं झाली, तशी रिवाजाप्रमाणे कबर उघडायची वेळ आली. अस्थी वाइननं धुवायच्या आणि पेटीत ठेवायच्या. पेटीचं संगमरवरी झाकण अर्थात त्यानंच घडवलं. आदल्या दिवशी अथेन्सहून लेकीचा फोन आला.

"बाबा, झाकणावर तीच ओळ घाला हं. आईनं पुस्तकात तिच्याखाली दोनदा रेघ मारलीय."

याकोवोस चक्रावला. आर्गिरो कविता वाचायची? आणि दार उघडं ठेवलं ते कुणासाठी? पंचाहत्तरीत म्हाताऱ्याच्या पोटात मत्सर शिरला. टपालवाला तिच्याशी हसून बोलायचा, पण तो मेला शेळ्यांशीही हसून बोलायचा. छिन्नी तीनदा दगडाला टेकली, तीनदा उचलली गेली. झाकण कोरंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत मेहुणी कुला पांढऱ्या चादरीवर धुतलेल्या अस्थी पुसत बसली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"कुला, खरं सांग. तुझी बहीण कुणाची वाट बघत होती?"

"आता विचारताय, दाजी?"

"म्हणजे होता कुणीतरी!"

"जिभेला काही हाड? तुमचीच वाट बघायची ती."

"माझी? मी कुठं गेलो होतो? चव्वेचाळीस वर्षांत एक रात्र बाहेर काढली नाही. तिच्या डोळ्यांसमोर अंगणात दगड घडवत असायचो."

"तेच तर," कुला म्हणाली आणि पुढचं हाड पुसायला घेतलं.

याकोवोसला काही उमजेना. "मी घरीच होतो," तो पुन्हा म्हणाला. मग तो आर्गिरोच्या कवटीकडे वळला, हात जोडल्यासारखे पुढे करत म्हणाला, "अगं, घरीच होतो की मी."